धुक्याच्या लेकीची चोळी

आजच्या सभेच्या अध्यक्षा माननीय मादाम द ब्रेसोल, आपल्या नाट्यगृहाचे संचालक मस्यू वर्दियर, एवढ्या फुलांच्या मागे जवळजवळ दिसेनासे झालेले आजचे सत्कारमूर्ती, आपले नृत्यगुरू मस्यू कास्तान्याक, समोर पाठ ताठ ठेवून बसलेल्या नर्तक-नर्तिका, वाद्यवृंदातली मंडळी, मागे भिंतीला टेकून उभे असलेले रंगमंचाचे कामगार, आणि माझ्या दटावणीमुळे पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या शिवणखोलीतल्या माझ्या नऊ जणी, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

मी सोलांज पेरिनो. या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी चाळीस वर्षं शिवते आहे. त्यातली एकवीस वर्षं शिवणखोलीची प्रमुख म्हणून. मस्यू वर्दियर यांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे, ट्युटूची वाटचाल आणि मस्यू कास्तान्याक यांचं योगदान. म्हणजे इतिहास थोडा, कौतुक भरपूर. "मादाम, हलकंफुलकं ठेवा, लोक आधीच रडायच्या बेतात आहेत," असं त्यांनी मला जिन्यात बजावलं. मी प्रयत्न करीन. मला भाषणाची सवय नाही. आमच्या खोलीत कामाच्या वेळी तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे चाळीस वर्षांत मी फारसं काही बोललेले नाही. त्याबद्दलच आज थोडं बोलायचं आहे.

तर आधी इतिहास. प्रेक्षकांना वाटतं, ट्युटू म्हणजे कमरेभोवती ताटासारखी आडवी उभी राहणारी जाळी. ती जाळी म्हणजे निम्मंच काम. वर चोळी असते, तिच्या खाली कंबरपट्टा, आणि त्याखाली चड्डीवर हाताने घातलेल्या चुण्यांचे दहा-बारा थर. हे सगळं एका दिवसात असं झालेलं नाही. दीडशेएक वर्षांपूर्वी आमच्या या पॅरिसमध्ये मुली पोटरीपर्यंत येणारे मलमलीचे घेरदार झगे घालून नाचायच्या. ढगातून उतरल्यासारख्या दिसायच्या म्हणे. आणि रंगमंचाच्या कडेला काय असायचं? गॅसच्या दिव्यांची उघडी रांग.

माझ्या आधीच्या प्रमुख मादाम रूव्रे यांची आजी अशाच एका नाट्यगृहात पडद्याआड ओलं कांबळं घेऊन उभी असायची. प्रयोगभर तेवढंच तिचं काम. झगे पेटू नयेत म्हणून ते औषधाच्या पाण्यात बुडवायचा उपाय निघाला होता. मग मुलींनी ते झगे आनंदाने घातले असतील, असं तुम्हाला वाटतं का? औषधाने कापड कडक व्हायचं आणि पिवळट दिसायचं. मुलींनी हात लावला नाही. आजीबाईंनी एकीला विचारलं होतं, "अगं पोरी, पेट घेतलास तर?" ती म्हणाली, "मळकी दिसण्यापेक्षा बरं." आजीबाईंना ते कांबळं किती वेळा वापरावं लागलं, हे मादाम रूव्रे कधीच सांगायच्या नाहीत. आम्ही विचारलं की त्या टाचण्यांचा डबा मागायच्या.

हे ऐकून तुम्ही हसणार नाही, हे मला ठाऊक होतं. पुढचं जरा बरं आहे.

मग इटलीच्या मुली आल्या. त्यांच्या पायात अशी ताकद होती की एका बोटावर उभ्या राहून त्या गिरक्यांवर गिरक्या घ्यायच्या. एवढी मेहनत करायची आणि ती झग्याखाली झाकून ठेवायची हे त्यांना कसं पटावं? त्यांनी झगा गुडघ्यापर्यंत वर घेतला. पुढच्या महागड्या खुर्च्यांवरचे गृहस्थ दुर्बिणी लावून बसायला लागले. वरच्या स्वस्त बाकांवरची मंडळी त्या झग्याला एका शब्दाने हाक मारायला लागली, लहान मुलांच्या बोलीत ढुंगणाला जो शब्द आहे, त्या शब्दाने. तोच चिकटला. मादाम द ब्रेसोल, क्षमा असावी, पण इतिहास सांगा म्हटल्यावर तो मला असाच ठाऊक आहे.

पुढे झगा मांडीवर आला, मग त्यात तार घालून तो आडवा ताणला गेला, दुसऱ्या महायुद्धानंतर मलमल जाऊन नायलॉनची जाळी आली. दर वेळी कोणीतरी म्हणालं, आता पावलं दिसू देत. मग, आता गुडघे दिसू देत. मग मांड्या. दर वेळी आमच्यापैकी कोणीतरी कात्री हातात घेतली. मला याचं कौतुक आहे, गैरसमज नसावा. पण जसजसं कापड कमी झालं तसतशी त्या मुलींना लपायला जागा कमी होत गेली. शेवटी एकच जागा उरली, ती म्हणजे चोळी. आणि ती आमच्या हातात आहे.

आता कौतुकाकडे वळते. मस्यू कास्तान्याक यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस या इमारतीत शोधून सापडणार नाही. दर नाताळला ते शिवणखोलीत साखरेत मुरवलेल्या चेस्टनटचा डबा पाठवतात. पांढऱ्या कापडाजवळ गोड खायला मनाई आहे, म्हणून आम्ही नऊ-दहा बायका संडासाबाहेरच्या पॅसेजमध्ये उभ्या राहून ते खातो. ज्या वर्षी बॉयलर बंद पडला, त्या वर्षी त्यांनी घरची शेगडी आमच्याकडे आणून ठेवली आणि स्वतः कोट घालून तालीम घेतली. आमच्या मुलाबाळांची नावं त्यांना पाठ आहेत. आमच्या जर्मेनचा मुलगा नापास झाला, तेव्हा जर्मेनच्या आधी त्यांनाच वाईट वाटलं. अशा माणसासमोर मला आज बोलायचं आहे. कोणी पाणी देईल का? मेर्सी.

आज संध्याकाळी आठ वाजता 'धुक्याची लेक' हा त्यांचा निवृत्तीआधीचा शेवटचा प्रयोग आहे. तुम्ही सगळे ते बॅले शेकडो वेळा पाहिलेलं आहे. तेव्हा गोष्ट सांगत नाही, फक्त चोळीची गोष्ट सांगते.

ती चोळी एकोणीसशे छत्तीस साली मादमोझेल बर्तिल्दसाठी शिवली. धुक्याची पहिली लेक तीच. तिला उचलून धरणारा जोडीदार होता तेवीस वर्षांचा ओरेलियाँ कास्तान्याक. ते दोघं लग्न करणार होते, हे जुन्या लोकांना माहीत आहे. लढाईच्या तिसऱ्या वर्षी न्यूमोनियाने बर्तिल्द गेली. पुढे मस्यू नृत्यगुरू झाले आणि त्यांनी 'धुक्याची लेक' पुन्हा उभं केलं, तेव्हा त्यांची एकच अट होती. चोळी तीच राहील. खालची जाळी दर दोन वर्षांनी नवी लावा, कंबरपट्टा बदला, पण चोळी बर्तिल्दची.

म्हणून आपल्याकडे ती रीत पडली. दर सप्टेंबरला मुली चौथ्या मजल्यावर येतात. एकेक जण चोळी घालते. पाठीमागे एका बाजूला हूक असतात, दुसऱ्या बाजूला दोऱ्याच्या कड्या. मस्यू दाराबाहेर पाठ करून उभे असतात. ते आत कधीही आले नाहीत, ते सभ्य गृहस्थ आहेत. चोळी बंद झाली की आम्ही दार वाजवतो. ते म्हणतात, "चोळीने ओळखलं तिला." तीच त्या वर्षीची लेक. आतल्या बाजूला तिच्या नावाची फीत शिवली जाते. बहुतेक वर्षी आधीचीच मुलगी पुन्हा निवडली जाते, म्हणून बर्तिल्दची धरून आजवर फिती सातच झाल्या. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी या रिवाजावर किती सुंदर लिहिलं आहे. माझाही फोटो आला होता, टाचण्यांसकट.

आता शिवणखोलीबाहेरच्या माणसाला जे कळण्याचं कारण नाही, ते सांगते. प्रयोगाच्या धामधुमीत मुलगी बारीक होते. सगळ्याच होतात. मग आम्ही चोळी थोडी आत घेतो, म्हणजे कड्यांची नवी ओळ आत शिवतो, बाजूच्या शिलाया जरा दाबतो. ते कोणाला दिसत नाही. पण उलट करायला गेलं, की दिसतं. ते जुनं साटन आहे. शिलाई उसवली की सुईची भोकं उघडी पडतात, आणि जो भाग आत दडलेला असतो तो इतका पांढरा राहतो, की बाहेरच्या पिवळसर कापडावर रेघ उमटते. मस्यूंच्या बर्तिल्दच्या चोळीवर अशी रेघ कोण पाडणार? मादाम रूव्रे यांनी पाडली नाही. मी पाडली नाही. त्यामुळे बेचाळीस वर्षांत ती चोळी कितीतरी वेळा आत घेतली गेली, आणि बाहेर एकदाही सोडली गेली नाही.

तुमच्या लक्षात येतंय का मी काय म्हणते आहे? पहिलीपेक्षा दुसरी बारीक हवी. दुसरीपेक्षा तिसरी. दर सप्टेंबरला आम्ही दार वाजवत होतो, आणि ती चोळी एकेका मुलीला अजून थोडी आवळत होती. हे मस्यूंना माहीत नव्हतं. कोणाला माहीत असणार? मला होतं.

मस्यू वर्दियर, मला घड्याळ दिसतं आहे. बसा. माझं झालेलं नाही.

आमच्या खोलीची एक जुनी शिस्त आहे. टेपला जे कळतं ते जिना उतरत नाही. ही शिस्त वाईट हेतूने झालेली नव्हती. कोणाला दिवस गेलेत, कोणाच्या दंडावर नवऱ्याची बोटं उमटली आहेत, हे सगळ्यांच्या आधी शिवणाऱ्या बाईला कळतं. आम्ही बोललो असतो तर कित्येकींचं काम गेलं असतं. आम्ही गप्प राहून पुष्कळ पोरींना सांभाळलं, याचा मला अभिमान होता. होता, म्हणते आहे.

पंधरा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये जिस्लेन लोर्मिए माझ्याकडे आली. चौथी फीत तिची. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तिला पाहिलं आहे. ती हसली की समोरचा माणूस कारण नसताना हसायचा.

"मादाम, मागे सैल पडतंय."

"सैल पडतंय म्हणजे तू वाळते आहेस."

"नाही हो, उकडतंय ना, घाम फार जातो."

"मार्च आहे, बाळ. मी अजून दोन स्वेटर घालते."

ती हसली. म्हणाली, "तुम्हाला काय, तुम्ही बसून असता." मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "मस्यूंना सांगू नका. ते प्रयोग थांबवतील. आणि थांबवला की सप्टेंबरमध्ये दुसरीच कोणी येईल." मी म्हटलं, "इथलं इथेच राहतं." तिने माझ्या गालाचा मुका घेतला आणि गेली.

मी कडी आत घेतली. पण नुसती कडी घेऊन भागण्यासारखं नव्हतं. चोळीतून बरगड्या उठून दिसत होत्या, छाती सपाट पडली होती. दिव्याखाली ते लपलं नसतं. म्हणून मी कापसाच्या पातळ गाद्या केल्या. रेशमी अस्तरात शिवल्या, कडा झिजवून अशा बसवल्या की बोट फिरवलं तरी कळू नये. दोन बरगड्यांवर, दोन छातीशी. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत सुबक काम आहे. कोणाला दाखवता आलं नाही एवढंच.

त्या आठवड्यात मस्यू मला जिन्यात भेटले. थांबले, टोपी काढली आणि म्हणाले, "मादाम, जिस्लेन ठीक आहे ना? चेहरा उतरलेला वाटतो. पण रंगमंचावर अंगाने बरी दिसते." हे तुम्हाला आठवतंय का मस्यू? मला आठवतंय. मी म्हटलं, "उत्तम आहे."

अकरा दिवसांनी दुसरा अंक संपवून, प्रेक्षकांना लवून नमस्कार करून ती पडद्याआड आली. तिथे दोराचं एक वेटोळं पडलेलं होतं, त्यावर बसली. मला म्हणाली, "जरा हूक काढा ना, श्वास घेते." मी हूक काढले. तिने श्वास घेतला नाही. तेवीस वर्षांची होती. सगळे धावत आले, कोणी डॉक्टरांना बोलवायला गेलं. आणि डॉक्टर यायच्या आत मी काय केलं, ते आजवर कोणालाही माहीत नाही. मी त्या चार गाद्या चोळीतून ओढून काढल्या आणि एप्रनच्या खिशात घातल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. वर्तमानपत्रं म्हणाली, ताप. मीही ताप म्हणाले.

मादाम लोर्मिए, तुम्ही मागच्या दाराजवळ बसला आहात, मी पाहिलं आहे. मस्यू दर वर्षी तुम्हाला तिकीट पाठवतात आणि दर वर्षी तुम्ही आमियांहून येता. या गुडघ्यांनी चार मजले चढता. चोळी हातात घेऊन तुमच्या लेकीच्या नावाच्या फितीवरून बोट फिरवता आणि मला विचारता, "तिला त्रास होत होता का हो?" मी पंधरा वर्षं तुम्हाला "नाही" म्हणते आहे. होत होता, मादाम. मला माहीत होतं. मी तिला झाकून दिलं, आणि तेही इतक्या चांगल्या हाताने, की तिला वाचवू शकणाऱ्या एकुलत्या एका माणसाला ते दिसलं नाही. हे तुम्हाला आधी एकटीला सांगायला हवं होतं. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. या सगळ्यांसमोर मागे फिरता येणार नाही, म्हणून इथे सांगते आहे.

मस्यू कास्तान्याक, तुम्ही उठू नका. अजून थोडं आहे, आणि ते जास्त घाईचं आहे.

सातवी फीत नोलवेन ले गॉफची आहे. ती तिथे चौथ्या रांगेत बसली आहे. बाहेर जून महिना आहे, खिडक्या उघड्या आहेत, तुम्ही कार्यक्रमपत्रिकेने वारा घेता आहात, आणि ती लोकरीची शाल पांघरून बसली आहे. शेजारीण दोनदा तिला म्हणाली, "अगं, काढ ना ती." तिने काढली नाही. नोलवेन, रागाने पाहू नकोस. पाहायचं तर पाहा.

या गुरुवारी ती माझ्याकडे आली. चोळी घातली, आणि मी हूक लावल्यावरही माझी चार बोटं सहज आत जात होती. कडी अजून आत घ्यायला कापडच उरलेलं नाही. चोळी ताठ राहावी म्हणून तिच्या आत घातलेल्या काड्या एकमेकींना टेकल्या आहेत. मी तिला तसं सांगितलं.

"मग काडीवर काडी चढवा, मादाम."

"टोचेल."

"टोचू दे. रविवारपर्यंतच तर आहे. मस्यूंचा शेवटचा प्रयोग आहे, त्यांना काय सांगू?"

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"तुम्ही पण ना. माझी आई झालात." आणि मग ती टेबलाला धरून उभी राहिली, कारण तिला उभं राहता येत नव्हतं. माझ्या नऊच्या नऊ जणी खाली माना घालून शिवत होत्या. कोणाची सुई थांबली नाही. मी त्यांना तसंच शिकवलेलं आहे.

शुक्रवारी जिन्यात मस्यू भेटले. आता टोपी नसते, पण थांबतात तसेच. म्हणाले, "मादाम, नोलवेन ठीक आहे ना?" तोच जिना, तीच वाक्यं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं.  मी म्हटलं, "रविवारी सांगते." ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

मस्यू, आज रविवार आहे. ती ठीक नाही. ती जिस्लेनपेक्षाही बारीक आहे. तिच्या पाठीचे मणके मी मोजू शकते. तिच्या डाव्या बाजूला बसलेले गृहस्थ कोणाचे पाहुणे नाहीत, ते डॉक्टर बास्तीद आहेत, मी बोलावून आणलेले. शालीच्या आत तिचा हात ते मघापासून धरून बसले आहेत, आणि त्यांचा चेहरा मला इथून दिसतो आहे. तो मला आवडत नाही.

आज सकाळी, रविवारच्या प्रार्थनेच्या घंटा व्हायच्या आधी, मी चौथ्या मजल्यावर गेले. चोळी टेबलावर घेतली आणि बेचाळीस वर्षांच्या शिलाया उसवल्या. सगळ्या कड्या कापून काढल्या, अगदी पहिल्या ओळीपर्यंत. आता तिच्यावर पांढऱ्या रेघाच रेघा उठल्या आहेत, दोन्ही बाजूंनी. दिव्याखाली शेवटच्या रांगेतूनही दिसतील. मादाम रूव्रे असत्या तर माझा हात मोडला असता.

आणि मस्यू, एक गोष्ट मला सकाळी कळली, ती तुम्हाला सांगायला हवी. तुम्ही आम्हाला नेहमी सांगत आलात की बर्तिल्द पिसासारखी होती, उचलली की हाताला वजन लागायचं नाही. मी ती चोळी पूर्ण उघडून टेबलावर पसरली. ती पिसासारख्या मुलीची चोळी नाही. चांगली भरल्या अंगाची, रुंद पाठीची, दोन्ही वेळ पोटभर जेवणारी मुलगी होती ती. आमच्या जर्मेनला ती आज बसेल. जर्मेन, लाजू नकोस. तुम्ही तेवीस वर्षांचे होता, मस्यू, दंडात ताकद होती आणि जीव जडलेला होता, म्हणून ती तुम्हाला हलकी वाटली. तिच्या मागून आलेल्या सहा मुलींनी तुमच्या आठवणीतल्या बर्तिल्दच्या मापाचं व्हायचा प्रयत्न केला. तशी बर्तिल्द कधी नव्हतीच.

हे ऐकायला तुम्हाला किती जड जात असेल ते मला इथून दिसतं आहे. तुम्ही चांगले आहात. तुम्ही दोनदा विचारलंत. पहिल्यांदा मी खोटं बोलले, हे ओझं माझं आहे, त्यातलं तुम्ही काही उचलू नका.

आता माझ्या पोरींनो, तुम्हाला. चोळी टेबलावर आहे. मी खोलीला कुलूप लावलेलं नाही, कारण कुलपाने काही होत नाही. सहा वाजता नोलवेनला तयार करायचं आहे. तुम्ही नऊही जणी इतक्या तरबेज आहात, की तासाभरात त्या कड्या पुन्हा शिवून देऊ शकता. मीच शिकवलं आहे. ती तुमच्यापैकी एकीकडे येईल, हात धरील, "फक्त आजचा दिवस" म्हणेल, गोड बोलेल. जिला सुई घ्यावीशी वाटेल तिने आधी मागच्या दाराजवळ जाऊन मादाम लोर्मिएंच्या शेजारी पाच मिनिटं बसावं. मग घ्यावी. मी अडवणार नाही.

आणि प्रयोग होईल की पडदा पडलेलाच राहील, ते आता मस्यू कास्तान्याक ठरवतील. इतकी वर्षं ते दाराबाहेर उभे होते. आज मी दार आतून उघडलं आहे.

सभेच्या शिष्टाचाराप्रमाणे आता आभार. अध्यक्षा मादाम द ब्रेसोल यांचे, त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही म्हणून. मस्यू वर्दियर यांचे, त्यांनी दिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ मी घेतला म्हणून. फुलं, खुर्च्या, ध्वनिक्षेपक यांची व्यवस्था करणाऱ्या सर्वांचे. आणि मस्यू कास्तान्याक, तुमचे, चाळीस वर्षांचे. तुम्ही मला आजच्या नंतर ओळख दाखवली नाहीत तरी मी नाताळात तुमच्या चेस्टनटची वाट पाहीन.

बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला, अशी विनंती करून खाली बसायची पद्धत आहे. मी बोलण्याबद्दल माफी मागत नाही. चाळीस वर्षांच्या गप्प बसण्याबद्दल मागते. मादाम लोर्मिए, तुमच्याकडे मागते, आणि तुम्ही ती दिली नाहीत तर ते बरोबरच असेल.

नोलवेन, तुझ्याकडे मात्र मागत नाही. आजची तुझी संध्याकाळ मी हिरावून घेतली आहे, हे मला कळतं. तू मला मुळीच माफ करू नकोस. डॉक्टरांबरोबर जा, जेव, झोप, आणि पुढची पन्नास वर्षं माझ्यावर चिडून राहा.